आधी वारा, मग चूल

नवं घर बांधून झालं आणि आई पहिल्यांदा राहायला आली. तिने ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला आणि विचारलं, "चूल कुठं घालायची?" नकाशात चूल नव्हती. मागच्या दाराबाहेर, घराच्या पश्चिमेला, फरशी घातलेली बारा बाय दहाची जागा होती. तिच्यावर नकाशात 'पॅटिओ' लिहिलेलं होतं आणि भिंतीला लागून एक चौकोन काढून त्यात 'बार्बेक्यू'. आई तिथे जाऊन उभी राहिली. पदर घराकडे उडत होता. "इथं पेटवलं तर समदा धूर घरात," ती म्हणाली. महिनाभरात तिचं म्हणणं खरं ठरलं, आणि तेव्हापासून मी हा विषय जमेल तिथे पाहत, विचारत आणि वाचत आले.

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, केज इथल्या नव्या घरांमागे बाहेरचं स्वयंपाकघर बांधायची हौस आता दिसू लागली आहे. धुळे–सोलापूर महामार्गावर 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागलेल्या असतात. ढाब्यावर पैसे मोजून खाल्लेली ती चव मग घरी हवीशी वाटते. मोबाइलवर ग्रिलची चित्रं पाहिली जातात, एखादी चकचकीत पेटी मागवली जाते, आणि दोन पावसाळ्यांत ती गंजून पत्र्याखाली जाते. माझं म्हणणं असं की ग्रिल सगळ्यात शेवटी घ्यावी. आधी वारा पाहावा, मग सावली, मग पाणी, मग विस्तवापुढे बसणाऱ्या बाईची कंबर आणि डोळे, मग जळण. एवढं ठरलं की ग्रिल कोणती हा प्रश्न फार उरत नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या घरात चूल आतच असायची. माळवदाचं घर, दोन हात रुंद भिंती, डोक्यावर जाड मातीचं छत आणि त्या छतात धूर जायला व उजेड यायला ठेवलेलं सवणं. चुलीच्या बाजूला वैल, मागे भानवस. पुढच्या जाळावर भाकरी व्हायची आणि त्याच जाळाची वाया जाणारी धग वैलावरचं कालवण शिजवायची. एका लाकडात दोन भांडी, ही त्या रचनेतली खरी हुशारी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. शेजारच्या जिल्ह्यांतही लोकांच्या मनातून माळवद तेव्हाच उतरलं. मग पत्रे आले, मागून स्लॅब आले. स्लॅबला सवणं नसतं. आतल्या चुलीचा धूर आतच कोंडू लागला आणि चूल परसात गेली. आज आमच्याकडे इतक्या चुली घराबाहेर दिसतात, त्याचं एक मोठं कारण मला हे वाटतं.

धूर घालवण्याचे प्रयत्न त्याच्याही आधीपासूनचे आहेत. बीड हैदराबाद राज्यात होतं तेव्हा, १९५३ साली, तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा आराखडा पुस्तिका काढून लोकांपुढे ठेवला. आडवी बंद नळी, तिच्यावर भांड्यांची तोंडं आणि शेवटी धुराडं, अशी ती रचना होती. पुढे १९८३च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२पर्यंत चालला आणि देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने याच वाटेवर काम केलं. दोन भांड्यांची, धुराड्याची लक्ष्मी चूल पुष्कळांना आठवत असेल. त्यातल्या बऱ्याच चुली काही वर्षांत मोडल्या किंवा पडून राहिल्या. धुराड्यात काजळी साचली की जाळ मागे फिरायचा, आणि काजळी काढायला कोणी शिकवलेलं नसायचं. पण आमच्या भागापुरतं मला आणखी एक कारण दिसतं, ते म्हणजे भाकरी.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाच्या पाण्यात मळून, काटवटीत हाताने थापून, पाण्याचा हात फिरवून ती तव्यावर जाते. एक बाजू सुकते, दुसरी भाजते, आणि मग खरं काम सुरू होतं. तवा उतरवतात किंवा बाजूला सरकवतात, चुलीच्या तोंडाशी इंगळ ओढतात आणि भाकरी त्यांच्यापुढे उभी करून फिरवत शेकतात. त्या धगीने तिच्या पोटातलं पाणी वाफ होऊन पापुद्रा सुटतो. आई भाकरी हातावर घेऊन कडेला बोटाने टिचकी मारते आणि आवाजावरून सांगते, झाली की राहिली. ज्या चुलीच्या तोंडापुढे इंगळ ओढायला वीतभर जागा नाही, तिच्यावर भाजी होईल, पाणी तापेल, पण भाकरी अर्धीच होईल. बंद तोंडाच्या चुली याच जागी अडल्या असाव्यात. म्हणून आज कोणी बाहेरचं स्वयंपाकघर आखत असेल तर पहिली मागणी ही लिहून ठेवावी: चुलीपुढे हातभर लांबरुंद, सपाट, विस्तव सोसणारी जागा. त्याच जागेवर जाळी मांडली की तुमची ग्रिल तयार होते.

मे २०१६मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरोघर पोचलं. तरी अंघोळीचं पाणी, भाकरी, जनावरांचं आंबोण यांसाठी चूल राहिलीच. धुराचं काम मात्र कोणी हलकं समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं घरगुती धुराच्या प्रदूषणाने दगावली. चूल बाहेर नेल्याने घरातल्या लेकरांचा धूर कमी होतो. चुलीवर वाकलेल्या बाईचा तेवढा होत नाही, कारण तिचं तोंड जाळापासून हातभरच लांब असतं.

वाऱ्याचं म्हणाल तर आपल्याकडे पावसाळ्यात तो नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून, आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून पण मंद. वर्षाचा मोठा भाग पश्चिमेचा जोर असतो. घराच्या आग्नेय कोपऱ्यात विस्तव ठेवायचा हा जुना संकेत या वाऱ्यांशी चांगला जुळतो. पश्चिमेचा वारा धूर घरापासून लांब नेतो, आणि ईशान्येचा आला तरी धूर घराच्या दक्षिणेकडून निघून जातो. शिवाय दुपार कलली की घराचीच सावली तिथे पडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीच्या वर जातो, त्या दिवसांत पश्चिमेच्या भिंतीला लागून विस्तवापुढे उभं राहणं म्हणजे दोन्हीकडून भाजून निघणं आहे.

वारा पाठीमागून आला की धूर पुढे जाईल, असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही. माणूस वाऱ्याच्या आड उभा राहिला की त्याच्यापुढे हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर उलटा तोंडावर येतो. शेकोटीपाशी बसलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं आहे. वारा डाव्या किंवा उजव्या हाताने, बाजूने जावा. आमच्याकडे पूर्वेला तोंड करून स्वयंपाक करायची रीत आहे आणि ती ज्याला पाळायची त्याने पश्चिमेला छातीइतकी आडभिंत घालावी. मी उत्तरेकडे तोंड केलं आणि डोळे वाचले.

छताला पत्रे चालतात, पण ते उंच असावेत, आणि निदान तीन बाजू मोकळ्या. पाचटाचं छप्पर किंवा हिरवी शेडनेट विस्तवावर कधीही नको. दिवा पाठीमागे लावला तर आपलीच सावली तव्यावर पडते, तो कडेला लावावा. सरपणाचा ढीग आणि गवऱ्यांचा हुडवा भिंतीपासून व बसायच्या जागेपासून चार पावलं लांब, जमिनीपासून वर दगडांवर रचलेला असावा. आपल्याकडे विंचू त्यातच मुक्काम करतात, आणि तिन्हीसांजेला हात घालणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. पाण्याचा नळ आणि मोरी विस्तवापासून चार-पाच पावलांत असावी. मोरीचं पाणी शोषखड्ड्यात सोडावं, त्याच्या कडेला कर्दळ किंवा अळू लावावं. राख भांड्यांना वापरावी, पण बागेत ढीगभर टाकू नये. आपली काळी जमीन मुळातच विम्ल आहे, राखेने ती आणखी विम्ल होते.

आता विस्तवापुढे बसणाऱ्या बाईचं. बीड जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं बाहेरचं स्वयंपाकघर कोणत्याच बंगल्यामागे नाही. ते दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी ट्रक-ट्रॅक्टरवर चढतं आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या तळावर उतरतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, राहायला ताडपत्रीची नाहीतर पाचटाची कोपी, आणि कोपीच्या तोंडाशी तीन दगड. आमच्या गावातल्या ज्या बायका जातात, त्या पहाटे तीन-साडेतीनला उठून, कडाक्याच्या थंडीत, दोन वेळच्या भाकरी एकदम बडवतात आणि उजाडायच्या आत फडात पोचतात. तवा, काटवट आणि परात घरून नेतात. दगड तिथे शोधतात. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलं होतं, "दगड आधी नाही मांडायचे. आधी मूठभर राख उडवून बघायची, वारा कुठून हाय ते." बाहेर स्वयंपाक करण्याची विद्या जिल्ह्यात कोणाकडे असेल तर ती या बायकांकडे आहे, आणि त्यांनाच धड चूल, धड आडोसा मिळत नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला दहा-पंधरा टक्के भागच भांड्याला लागतो. बाकी वाऱ्यावर जातो. म्हणजे जळण गोळा करण्याच्या दर दहा फेऱ्यांतल्या आठ-नऊ फेऱ्या फुकट. कारखान्यांच्या तळावर पत्र्याच्या आडभिंती आणि बसक्या, बिनधुराच्या चुलींची रांग बांधून देणं हे अवघड काम नाही. ज्यांना घरामागे ग्रिल बसवायला पैसा आणि वेळ आहे, त्यांनी ही मागणीही लावून धरावी असं मला मनापासून वाटतं.

आता कंबरेचं. बसून करावं की उभं राहून? भाकरी थापायला बसणं सोपं, कारण खांद्याचं वजन हातात उतरतं. गुडघे दुखू लागले की तेच बसणं शिक्षा होतं. आम्ही दोन्ही ठेवलं. उभ्याचा ओटा नेहमीच्या ८५ सेंटिमीटरऐवजी ७० सेंटिमीटरवर घेतला, कारण भाकरीला हात वरून दाबावा लागतो आणि चुलीवर पातेलं चढलं की त्याची कड कोपराच्या वर जाता कामा नये. मोजपट्टी लावताना स्वयंपाक करणारीलाच तिथे उभं करावं. आमच्या गवंड्याने मला न विचारता स्वतःच्या उंचीने ओटा बांधला होता, तो पाडून पुन्हा बांधावा लागला.

त्याच ओट्यावर शहाबादी फरशी टाकली होती. पहिल्याच हुरड्याच्या दिवसांत तिच्यावर निखारे ओढले, पाण्याचे थेंब पडले आणि ती टणकन तडकली. शहाबादी हा चुनखडीचा दगड. बसायला, धुवायला उत्तम, विस्तवाखाली नाही. सिमेंटचा गिलावाही तापून फुटतो, त्यातलं पाणी वाफ होऊन पापुद्रे उडवतं. नदीतला गोटा चुलीला लावूच नये, आत मुरलेल्या पाण्याने तो फुटून अंगावर येतो. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेमुळे आपल्याकडे राखेच्या विटा सहज मिळतात. त्या ओट्याच्या भिंतीला खुशाल वापराव्यात, पण विस्तवाला थेट भिडेल तिथे फायर ब्रिक किंवा चांगली भाजलेली लाल वीट, आणि जोडायला सिमेंटऐवजी भुसा व घोड्याची लीद घालून आठवडाभर कुजवलेली माती. आजीच्या काळची हीच रीत होती. मातीला थोडं हलता येतं, म्हणून ती तापली तरी फुटत नाही. भेग गेलीच तर पोतेरं फिरवून बुजते.

आणि सगळी जागा फरशीने झाकू नये. तीन हात लांबरुंद मोकळी माती राहू द्यावी. हुरड्याची आगटी फरशीवर होत नाही. जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्यात गवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्यायचा, वर राखेची साय आली की ज्वारीची कोवळी कणसं ताटासकट आत खुपसायची. दाण्यांचा हिरवा वास बदलतो तो क्षण ओळखता आला पाहिजे. उशीर झाला तर लाह्या होतात. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि गुळभेंडीचे ते मऊ, गोडसर दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर खायचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठीच फुले उत्तरा आणि फुले मधुर असे वाण काढलेले आहेत, ज्यांची शेती आहे त्यांनी चार तास पेरून पाहावेत. त्याच खड्ड्यात रोडगे होतात, भरताची वांगी होतात. आम्ही लहानपणी डोळे उघडलेली, अजून कडक असलेली बालाघाटाच्या डोंगरावरची सीताफळं राखेत पुरायचो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण राखेतून काढलेल्या त्या गरम, धुरकट गराची चव अजून कोणाच्या जाहिरातीत आलेली नाही.

आता जाळीकडे येऊ. आपल्याकडे आरावर भाजायच्या गोष्टी म्हणजे काळ्या मसाल्याचा कांदा आणि खोबऱ्याची वाटी, वांगी, मिरच्या, मक्याची कणसं, पापड, आणि आता त्यात कोंबडी व पनीर. यासाठी लोहाराकडून १० मिलिमीटरच्या चौकोनी गजाची जाळी करून घ्यावी. दोन गजांत बोटभर फट, दोन बाजूंना लाकडी मुठी, आणि चार आणि सहा इंचांवर ठेवता येईल अशा खाचा. निखारे एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ पसरावेत. हात जाळीवर वीतभर उंच धरावा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर धग कांद्याला बरी, पाच-सहा सेकंद टिकला तर कोंबडीला. जस्ताचा मुलामा दिलेली कुंपणाची जाळी मात्र विस्तवावर कधी ठेवू नये, तापल्यावर त्या मुलाम्याची विषारी वाफ निघते. जुन्या फ्रिजच्या जाळ्यांचंही तेच, त्यांच्यावरचा मुलामा अन्नासाठी नसतो.

जाड जाळी हवी असेल तर ओतीव लोखंडाची घ्यावी. मराठीत त्याला बीड म्हणतात, आणि आमच्या जिल्ह्यात बिडाचा तवा म्हटलं की पाहुणे हमखास जिल्ह्याचा तवा समजतात. ते उशिरा तापतं, पण धग धरून ठेवतं. पाणी लागलं की गंजतं, म्हणून तेलाचा हात द्यावा. स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ दर्जाचं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, ती परीक्षा अपुरी आहे, कारण हलक्या २०२ दर्जाच्या पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही. बिलावर दर्जा लिहून घ्यावा.

झाकणाची ग्रिल शिकागोच्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली पाण्यावरच्या तरंगत्या पिंपाचे दोन भाग करून केली, ती मुख्यतः वाऱ्याला वैतागून. बालाघाटावरच्या वाऱ्यात ती उपयोगी आहे हे मान्य करते. आख्खी कोंबडी तिच्यात छान होते. पण पातेल्यावर परात ठेवून तिच्यात निखारे घातले की तेच काम होतं, आणि कंदुरीचं मटण करणारे ते पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. गॅसच्या ग्रिलची सोय मोठी, धूर नाही, पाच मिनिटांत तापते. ती बसवताना एक गोष्ट विसरू नये: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत जाळीचे झरोके हवेतच. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, आणि परदेशी ग्रिलला इथला रेग्युलेटर बसत नसेल तर जुगाड करू नये. रोज चार भाकरी आणि एक कालवण करणाऱ्या घराला मी साधी दोन बर्नरची शेगडी आणि शेजारी मातीची चूल एवढंच सुचवीन. तंदूर फार जळण खातो, घरी नकोच.

गोबरगॅसची शिफारस नेहमी होते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि तेवढंच पाणी. २०१८-१९च्या दुष्काळात जनावरं चारा छावण्यांत गेली तेव्हा शेणही छावणीतच राहिलं. ज्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्यांनी जरूर करावं.

जळणात तुराट्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात, भाकरीला चांगल्या. कपाशीच्या पळाट्यांचंही तसंच, पण त्यांवर फवारणी झालेली असते, भाजण्याच्या जाळीखाली त्या घालू नयेत. निखाऱ्यांसाठी बाभूळ, वेडी बाभूळ, चिंच. कडुलिंबाच्या धुराने अन्न कडवट होतं. कण्हेर आणि रुई चुलीत कधीही घालू नयेत, दोन्ही विषारी आहेत. उसाच्या पाचटाचा कोळसा करायची 'आरती'ची पद्धत २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळवून गेली. गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात पाचट अजूनही फडातच पेटवतात, म्हणून ती पद्धत इथे रुजायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं. कोळशाची शेगडी थंडीत उचलून बंद खोलीत मात्र नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेत माणूस जातो.

आमची चूल शेवटी आग्नेयेला झाली. आईने माती मळली, गवंड्याने विटा लावल्या. ती पंधरा दिवस सावलीत सुकू दिली, मग तीन संध्याकाळी फक्त तुराटीच्या चार काड्यांचा जाळ, भांडं न ठेवता. चौथ्या दिवशी आईने तिच्यावर दूध उतू घातलं, मग तवा ठेवला. पहिली भाकरी तिने इंगळापुढे उभी केली, फिरवली, टिचकी मारून ऐकली आणि दारात उभ्या असलेल्या गाईला दिली. दुसरी मला दिली. धूर उजव्या हाताने निघून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून पूर्वेकडे चालला होता.